भाच्याने केलेलं अ‍ॅप काही फोनांवर बसत का नाही, आणि पुढे बसवताच येणार नाही का?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोलीजवळच्या गावात आरती मंडळासाठी भाच्याने अँड्रॉइड अ‍ॅप केलंय. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांचे शब्द, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या चालींची रेकॉर्डिंगं, आणि वर्गणी जमा झाली की बँकेचा एसएमएस वाचून आपोआप नोंद. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली. काहींच्या फोनवर बसली, वडिलांच्या सॅमसंगवर अडली, दोघांकडे नुसतं 'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड' आलं, आयफोनवाले तसेच राहिले. शिवाय गूगल हे सगळं बंद करणार असं ऐकलंय, ते खरं का?

आधी एसएमएस वाचणं काढून टाका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं एकच करा.

ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची फाइल) चारपैकी एक जरी परवानगी मागत असेल, तर भारतात प्ले प्रोटेक्ट (अँड्रॉइडमधली गूगलची सुरक्षा तपासणी) ती थेट अडवू शकतं. त्या चार म्हणजे एसएमएस मिळवणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी (पडद्यावरचं वाचून फोन चालवण्याची मुभा). एरवी अनोळखी अ‍ॅपवर इशारा येतो, 'मोअर डिटेल्स' दाबलं की खाली 'इन्स्टॉल एनीवे' सापडतं. इथे ते बटणच नसतं. कारणही खोटं नाही: 'ई-चलन' किंवा 'लग्नपत्रिका' नावाने येणाऱ्या एपीके नेमक्या याच परवानग्या घेऊन ओटीपी पळवतात. भाच्याचा हेतू फोनला कळत नाही, त्याला फक्त मागणी दिसते, आणि ती चोराच्या मागणीसारखीच आहे.

स्क्रीनवरून वर्गणीचं पान काढलं म्हणजे झालं, असं नाही. परवानगी मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या मागण्यांच्या यादीत, लिहिलेली असते, तिथली ओळ काढावी लागते. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये (अ‍ॅप बनवायच्या प्रोग्रॅममध्ये) ती फाइल उघडून खालच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅबमध्येही बघायला सांगा, कारण एखादी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) स्वतःच्या परवानग्या गुपचूप आत आणते. वर्गणीची नोंद खजिनदाराने आठवड्याला बँकेचं स्टेटमेंट बघून हाताने केली तरी मंडळ बुडत नाही.

वडिलांच्या सॅमसंगचं आणखी एक कारण असू शकतं: ऑटो ब्लॉकर, म्हणजे बाहेरची अ‍ॅपं अडवणारी सोय. सॅमसंगच्या वन यूआय 6.1.1 आवृत्तीपासून तो मुळातच चालू ठेवून येतो. सेटिंग्ज, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, ऑटो ब्लॉकर असं जाऊन बंद करा, अ‍ॅप बसवा, पुन्हा चालू करा. 'पुन्हा चालू करा' हे विसरलं जातं.

अँड्रॉइड 8 पासून 'अननोन सोर्सेस'चं एकच बटण राहिलेलं नाही, परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपमधून फाइल उघडली की व्हॉट्सअ‍ॅपसाठीच परवानगी मागितली जाते आणि लोक ती देऊन मोकळे होतात. माझं मत: व्हॉट्सअ‍ॅपला ती कधीच देऊ नका. दिलीत तर उद्या कुठल्याही ग्रुपवर आलेली एपीके वडिलांपासून दोन बोटांवर येते. फाइल फोनमध्ये सेव्ह करा, फाइल मॅनेजरमधून उघडा, काम झालं की ती परवानगीही काढून घ्या.

आता 'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड'. या तीन शब्दांमागे निदान पाच कारणं लपतात आणि फोन एकही धड सांगत नाही. खरं कारण एडीबी सांगतं, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फोनला आज्ञा देणारं साधन. त्यासाठी फोनच्या 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा. लॅपटॉपवर गूगलच्या डेव्हलपर साइटवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवा, केबल लावा, फोनवर येणारा प्रश्न मान्य करा. मग टर्मिनलमध्ये एडीबी इन्स्टॉल आणि पुढे फाइलचं नाव. फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबलमधून नुसतं चार्जिंग होतं, डेटा जात नाही. शाओमीच्या फोनवर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' वेगळं चालू करावं लागतं, त्यासाठी कंपनीचं खातं मागतात.

एररमध्ये 'टेस्ट ओन्ली' असे शब्द आले तर भाच्याने अँड्रॉइड स्टुडिओत 'रन' दाबून तयार झालेली फाइल उचलून पाठवली आहे. ती फक्त चाचणीपुरती असते. बिल्ड मेनूतून वेगळी, सही केलेली रिलीज एपीके काढायला सांगा. 'नो मॅचिंग एबीआय' आलं तर फाइल 64 बिटांसाठी बनली आहे आणि फोन 32 बिटांचा आहे, किंवा उलट. फोन फारच जुना असेल तर अ‍ॅपला लागणारी किमान अँड्रॉइड आवृत्तीच त्यात नसेल. उलट, अँड्रॉइड 14 पासून फार जुन्या अँड्रॉइडसाठी लिहिलेली अ‍ॅपंही नाकारली जातात, पण ताज्या अ‍ॅपला ते लागू नाही.

'अपडेट इनकम्पॅटिबल' आलं तर जरा थांबा, कारण हे पुढेही छळणार आहे. प्रत्येक एपीकेवर एका किल्लीने सही असते. त्याच नावाचं अ‍ॅप फोनवर आधीच असेल आणि नव्या फाइलवरची सही वेगळी असेल, तर अँड्रॉइड अपडेट नाकारतं. नाकारायलाच हवं, नाहीतर तुमच्या अ‍ॅपच्या जागी कोणीही आपलं बसवेल. पण डीबग बिल्डची, म्हणजे 'रन' दाबून बनलेल्या चाचणीच्या फाइलची, किल्ली अँड्रॉइड स्टुडिओ त्या-त्या कॉम्प्युटरवर आपोआप बनवतो. भाच्याने पहिली फाइल घरच्या लॅपटॉपवर आणि दुसरी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बनवली असेल, तर फोनच्या नजरेत ती दोन परक्या माणसांची अ‍ॅपं झाली. आत्ता उपाय एकच: जुनं अ‍ॅप काढून नवं बसवणं, आणि त्यात साठवलेला सगळा डेटा जातो. काढण्याआधी नोंदी बाहेर काढून ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे एक रिलीज कीस्टोअर, म्हणजे सहीची किल्ली ठेवलेली फाइल. मुदत 25 वर्षांपेक्षा जास्त ठेवा. ती फाइल आणि तिचा पासवर्ड पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी असू द्या, एक प्रत मंडळाच्या कपाटात. भाचा नोकरीला पुण्याला गेला आणि लॅपटॉप फॉरमॅट झाला, तर कोड असूनही जुन्या अ‍ॅपला अपडेट देता येणार नाही. अ‍ॅपची मालकी ज्याच्या हातात ही किल्ली त्याची.

अ‍ॅप बसल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करा. काही बँकांची अ‍ॅपं ते चालू दिसलं तर उघडत नाहीत, आणि लोक उगाच मंडळाच्या अ‍ॅपला दोष देतात.

गूगल बंद करणार का? अर्धं खरं. ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की गूगलच्या सेवा असलेल्या प्रमाणित फोनांवर, ज्या डेव्हलपरने ओळख पटवून अ‍ॅप नोंदवलंय त्याचंच अ‍ॅप बसेल. सुरुवात सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकीच्या देशांत 2027 पासून. मुक्त अ‍ॅपांचं भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने तेव्हाच सांगितलं की असं झालं तर त्यांचा प्रकल्पच संपेल. ओरड झाल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये गूगल थोडं नरमलं: जाणकारांना धोका मान्य करून पुढे जायची वेगळी वाट देऊ, आणि विद्यार्थी-हौशी मंडळींना मोजक्या फोनांपुरतं साधं खातं देऊ. एडीबीने बसवणं चालूच राहणार असंही ते म्हणाले. मंडळातले फोन मोजकेच असतील तर हे साधं खातं पुरेल असं वाटतं.

फसवणूक खरी आहे हे मान्य. तरी विकत घेतलेल्या फोनवर घरच्या पोराचं अ‍ॅप चालवायला आधी परदेशातल्या कंपनीकडे नाव नोंदवायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या कायद्याचा फार आधार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरून अ‍ॅप बसवण्यावर निर्बंध घालू नका असाही आदेश होता. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका तो आदेश काढून टाकला.

प्ले स्टोअरवरच टाकू म्हणाल तर एकदाच 25 डॉलर. पण वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी 12 जणांनी सलग 14 दिवस चाचणीत सहभागी राहावं लागतं. आरती मंडळात 12 जण मिळतात, पण पंधरवडा आधी लक्षात यायला हवं. चवथीच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

आयफोनचं गणित वेगळं. दुसरी स्टोअर चालतात ती युरोपीय संघासारख्या ठिकाणी, तिथल्या कायद्यामुळे. इथे मोफत अ‍ॅपल खात्याने मॅकवरून बसवलेलं अ‍ॅप सात दिवसांत बंद पडतं आणि अशी तीनच अ‍ॅपं एका फोनवर राहतात. वर्षाला 99 डॉलर भरले तर टेस्टफ्लाइटने (अ‍ॅपलच्या चाचणी-वाटपाच्या सोयीने) 10,000 लोकांपर्यंत पाठवता येतं, पण प्रत्येक बिल्ड 90 दिवसांचा. आरत्यांच्या शब्दांसाठी हा खर्च करू नका. तेवढा भाग वेबसाइट म्हणून बनवा, सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या कोडने) पानं आणि ऑडिओ फोनमध्ये साठवा, आणि आयफोनवाल्यांना सफारीत उघडून शेअर, मग 'अ‍ॅड टू होम स्क्रीन' करायला सांगा. अँड्रॉइडवरही हेच चालतं, आणि तिथे एपीकेची कटकटच राहत नाही. होम स्क्रीनवर घेतल्यानंतर त्या चिन्हावरूनच एकदा, वाय-फाय असताना, सगळ्या चाली वाजवून बघा. सफारीत साठलेलं तिकडे आपोआप येतं असं धरू नका, नाहीतर रेंज नसलेल्या घरी आरतीला उभं राहिल्यावर पडद्यावर पांढरं पान येतं.