पाइप ऑर्गनला पट्ट्या पियानोपेक्षा कमी असतात, मग त्याचा पल्ला मोठा कसा?

आपण लिहिले आहे की, पुण्यात कॅम्पातील एका चर्चमध्ये होणाऱ्या ऑर्गनवादनाच्या पत्रिकेत ‘वाद्याचा संपूर्ण पल्ला’ असे शब्द छापले आहेत. परंतु ऑर्गनच्या पट्ट्या ६१ आणि पियानोच्या ८८, तेव्हा हा पल्ला येतो कोठून आणि ऐकताना लक्ष कशाकडे ठेवावे?

मी पेटी वाजवतो, आणि आपल्याकडे ऑर्गन म्हटले की नाट्यपदांच्या साथीचा, पायाने भाता चालवायचा ऑर्गनच आधी डोळ्यांसमोर येतो. त्यात पितळी सूर कंप पावतात, तर पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या वाजतात. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर पेटीतच सापडते. खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या तीन ओळी असलेल्या पेटीत एकच पट्टी तीन सप्तकांत बोलते. पाइप ऑर्गनमध्ये अशा ओळी कितीतरी अधिक असतात, प्रत्येकीची खुंटी स्वतंत्र असते आणि ओळीला नाव मिळते ते तिच्या सर्वांत लांब नळीच्या फुटांवरून. ८ फुटी ओळ पियानोच्या त्याच पट्टीइतका सूर देते, १६ फुटी एक सप्तक खाली जाते, ४ फुटी एक सप्तक वर आणि २ फुटी दोन सप्तके वर. मोठ्या ऑर्गनमध्ये पायपट्ट्यांना, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांना, जोडलेली ३२ फुटी ओळ असते. तिचा तळचा सूर सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा, म्हणजे कानापेक्षा बाकावर बसलेल्या अंगालाच अधिक जाणवणारा असतो. पियानो २७.५ कंपनांशी थांबतो. वरच्या टोकाला पियानो ४,१८६ पर्यंत जातो, तर २ फुटी ओळ ८,३०० च्याही पुढे.

लहान चर्चमध्ये ३२ फुटी नळी उभी करण्याइतकी उंची बहुधा नसते. तेथे टोक बंद केलेल्या नळ्या कामास येतात, कारण बंद नळी आपल्या दुप्पट लांबीच्या उघड्या नळीइतका खर्ज देते. माझ्या मते ही तडजोड वाईट नाही, फक्त नाद काहीसा पोकळ येतो.

पेटीवाल्याला खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पट्टी हळू दाबा वा जोरात, आवाज तेवढाच राहतो. भात्यावरच्या हाताने सूर फुलवण्याची सवय असलेल्या मला पहिल्या वेळी हे वादन निर्विकार वाटले होते. आवाज बदलतो तो खुंट्या ओढल्याने, किंवा काही नळ्या ज्या बंदिस्त पेटाऱ्यात असतात त्याच्या झडपा पायाने उघडल्याने. म्हणून एकच धून पुन्हा आली की कोणती ओळ जोडली गेली, कोणती गळली, हे ऐकावे.

कार्यक्रमात जर्मन संगीतकार बाखची सी मायनरमधील पासाकालिया (एकाच धुनेवर रचलेल्या आवर्तनांची रचना) असेल, तर ८ मापांची मूळ धून आरंभी एकट्या पायांवर येते आणि तीवर पुढे २० आवर्तने रचली जातात. पल्ला समजण्यास याहून सोपी रचना मला ठाऊक नाही. फ्रेंच संगीतकार विदोरच्या, एकट्या ऑर्गनसाठी लिहिलेल्या पाचव्या सिंफनीतील टोकाटा (जलद बोटांची रचना) ऐकायला मिळाली, तर हातांच्या अखंड धावेखाली पाय किती संथ चालतात, तिकडे कान द्या. वादक अनेकदा मागच्या सज्जात, श्रोत्यांच्या पाठीशी बसतो. कार्यक्रमानंतर विनंती करून वर जाता आले, तर त्या पायपट्ट्या अवश्य पाहा.