टॉवेल वेगळा ठेवावा का?

प्रश्न : माझे मोठे भाऊ अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतात. वय ७१. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं किडनी प्रत्यारोपण झालं. मार्चमध्ये कपाळावर जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. महिन्याभरात करवंदाएवढी झाली. निदान झालंय ‘मर्केल सेल कार्सिनोमा’. हा त्वचेचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, असं ऐकल्यापासून वहिनींनी त्यांचा टॉवेल वेगळा केलाय, नातीलाही जवळ जाऊ देत नाहीत. हे बरोबर आहे का?
— एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आजच वहिनींना फोन लावा. नात आजोबांच्या मांडीवर खुशाल बसू दे.

हा विषाणू, मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस, बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि कातडीवर गुपचूप राहतो. खाज नाही, पुरळ नाही. हे लिहिणाऱ्या माझ्या हातावरही असेल. २००८ साली तो सापडला तुमच्या भावाच्याच राज्यात, पिट्सबर्गला, युआन चँग आणि पॅट्रिक मूर या शास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेत. गाठीतल्या जनुकीय मजकुरातून त्यांनी माणसाचा मजकूर वजा केला आणि उरलेलं चाळलं. तपासलेल्या दहांपैकी आठ गाठींत हा निघाला. उरलेल्यांत बहुधा उन्हाचा हात असतो; ऑस्ट्रेलियात तसे रुग्ण जास्त.

मग आपल्या सगळ्यांना कॅन्सर का होत नाही? कारण त्यासाठी विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसावा लागतो, शिवाय त्याचं एक जनुक नेमक्या जागी तुटावं लागतं. मग त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, पण पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतो. म्हणजे गाठीतला विषाणू पसरण्याच्या कामातून बादच. टॉवेलवरून कॅन्सर जात नाही.

एरवी अशा बिघडलेल्या पेशी आपली प्रतिकारशक्ती हुडकून काढते. भावाच्या बाबतीत ती, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी दबलेली आहे. पण म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, किडनी जाईल! या कॅन्सरवर प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं चांगली लागू पडतात, पण जागी झालेली तीच शक्ती परक्या किडनीवर उलटू शकते. तेव्हा किडनीचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत ना, एवढं भावाला विचारायला सांगा. कानापुढच्या आणि मानेतल्या लसिकाग्रंथी तपासल्या का, हेही. कपाळावरून हा आजार आधी तिकडेच सरकतो.