कापतं कोण, ते आधी विचार

चि. भाचेबुवा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलंस, "मामा, लग्नाच्या रिसेप्शनसाठी सूट शिवायचाय, चांगला टेलर सांग." एक नाव सांगून मोकळा झालो असतो. पण ज्यांची नावं मी डोळे झाकून देत असे त्यांतले दोघे गेले, एकाला आता सुई ओवता येत नाही, आणि चौथ्याच्या मुलाने दुकानाचं काचेचं शोरूम केलंय. तिथं आत कोण शिवतं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून नाव देत नाही, ओळखायचा कसा ते लिहितो.

लक्ष्मी रोडवर सूटिंगच्या काउंटरला माझी एकतीस वर्षं गेली. कापड आम्ही विकायचो, शिवायचा दुसराच, आणि कोट बिघडला की गिऱ्हाईक भांडायला आमच्याकडे यायचं. "तुमचं कापडच खराब!" मग तो कोट आम्ही टेबलावर उलटा करून बघायचो. शिवणकाम मी कधी केलं नाही. जे काही कळतं ते असे उलटे केलेले कोट बघून.

तर दुकानात शिरल्यावर कॅटलॉग उघडू देऊ नकोस. बसायला सांगतील, चहा मागवतील, चहा घे. आणि विचार, "कापतं कोण?"

काउंटरवर टेप गळ्यात घालून उभा असलेला माणूस बहुतेक वेळा फक्त मापं घेतो. कटर वेगळा, कोट शिवणारा कारागीर वेगळा, पॅन्टचा वेगळा, काजं करणारा आणखी तिसरीकडे. यात वाईट काही नाही, लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या नामांकित रस्त्यावरसुद्धा कापणारा आणि शिवणारा वेगळाच असतो. पण जो कापणार आहे त्याने तुला डोळ्यांनी बघितलं पाहिजे. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेचोवीस, हे आकडे दोन माणसांचे अगदी सारखे असू शकतात. त्यातला एक एनसीसीत छाती काढून चालायला शिकलेला असतो, दुसरा तुझ्यासारखा दहा तास लॅपटॉपपुढे वाकलेला. पहिल्याच्या कोटाला पुढून लांबी जास्त लागते, दुसऱ्याच्या पाठीला. हे चिठ्ठीवर येत नाही. कटर दुसऱ्या इमारतीत बसून चिठ्ठीवरून कापत असेल, तर कोट चिठ्ठीला बसेल, तुला नाही.

सदाशिव पेठेत एका माडीवर एक मास्तर बसायचे. गिऱ्हाईक आलं की टेपला हात न लावता म्हणायचे, "जरा जिन्यापर्यंत जाऊन या." माणूस बुचकळ्यात पडून जायचा आणि यायचा. तेवढ्यात यांचं बघून झालेलं असायचं. मग मापं घेताना मुद्दाम गप्पा काढायचे, गाव कुठलं, मुलं किती. कारण टेप अंगाला लागला की प्रत्येक माणूस पोट आत घेतो आणि ताठ उभा राहतो, आणि तसा तो आयुष्यात पुन्हा कधी उभा राहत नाही. त्यांची वही मी बघितली आहे. आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात "उ. खां. पाव खाली" असं काहीतरी लिहिलेलं असायचं, म्हणजे उजवा खांदा पाव इंच उतरलेला. तुझाही उतरलेला आहे, शाळेपासून दप्तर एकाच खांद्यावर घेतोस.

असं उभं राहणं, चालणं बघणारा माणूस भेटला की अर्धं काम झालं. "मास्तर कारखान्यात असतात, तुम्ही काळजी करू नका," असं ऐकलंस की चहाचे आभार मानून ऊठ.

पाटीवर बिस्पोक लिहिलंय का, ते बघायची गरज नाही. तो शब्द इंग्रजी शिंप्यांचा. दुकानातला एखादा तागा कुणीतरी आधीच बोलून ठेवलेला असला, की त्यावरून निघालेला, असं सांगतात. अस्सल अर्थ असा, की तुझ्या एकट्यासाठी कागदावर वेगळा नमुना काढायचा, त्यावरून कापड बेतायचं, आणि अर्धवट शिवलेल्या अवस्थेत अंगावर घालून सुधारायचं. तयार साच्यात इकडे अर्धा इंच, तिकडे पाऊण इंच कमीजास्त करून मिळतो तो मेड-टू-मेजर. तोही वाईट नाही, फक्त त्याला त्याच्याच नावाने आणि त्याच्याच भावात विकावं. २००८ साली ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेनेच निर्णय दिला, की मापावरून बेतून मशीनवर शिवलेल्या सूटलाही बिस्पोक म्हणायला हरकत नाही. तिथं ही गत, तर आपल्याकडच्या पाटीचं काय घेऊन बसायचं. सॅव्हिल रोच्या शिंप्यांची संघटना आपल्या सूटला किमान पन्नास तासांचं हातकाम धरते. एका माणसाचे ते सहा दिवसांहून जास्त झाले. आता तीन दिवसांत सूट देतो म्हणणाऱ्याचं गणित तूच मांड.

मी ते मांडलं नव्हतं. तुझ्या आईच्या लग्नाचा अल्बम काढ, त्यात मी करड्या कोटात आहे. तीन दिवसांत शिवून मिळाला म्हणून मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो. कापड आमच्याच दुकानातलं, उत्तम वूल, मला सवलतीत मिळालेलं. दोन पावसाळे गेले आणि छातीवर, लॅपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) फोड यायला लागले, पापडाला येतात तसे. आतलं अस्तरीचं कापड गोंदाने, गरम दाबून चिकटवलेलं होतं. दमट हवा आणि ड्रायक्लीन यांनी गोंद सुटला. त्याला फ्यूज कोट म्हणतात. दुरुस्ती होत नाही. शिंपी मला म्हणाला, "कापडच खराब." मला! शिंप्याचं नाव सांगत नाही, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

चांगल्या कोटात पुढच्या पल्ल्याच्या आत कॅनव्हास असतो, घोड्याचे केस विणलेला, आणि तो टाक्यांनी धरलेला असतो. तो अंगाच्या उबेने हळूहळू छातीचा आकार घेतो. तपासायला सोपं आहे. खालच्या काजाच्या जरा खाली पल्ला दोन्ही बाजूंनी चिमटीत धर आणि बाहेरचं आणि आतलं कापड बोटांनी सुटं कर. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकताना लागला तर कॅनव्हास वरपासून खालपर्यंत आहे. लागला नाही, तर हीच चिमटी वर लॅपलजवळ घे. तिथं लागला तर तो अर्धा कॅनव्हास, नोकरदाराला पुरतो. कुठंच नाही लागला तर फ्यूज. पुतळ्यावरच्या कोटावर हे करू नकोस, तो नटवलेला असतो. कुणाचा तरी नेण्यासाठी तयार असलेला कोट दाखवायला सांग. चौकड्याचा असला तर उत्तमच, खिशाच्या पट्टीवरची रेघ अंगाच्या रेघेला जुळते का ते बघ. बाहीची बटणं खरोखर उघडतात हे दाखवून भाव वाढवतील. त्याला भुलू नकोस, उलट तशी काजं केली की बाहीची लांबी नंतर बदलणं अवघड.

नवख्या शिंप्याकडे एकदम सूट टाकू नकोस. आधी एक पॅन्ट शिव. पॅन्टचा कारागीर वेगळा असेल, पण कटर तोच. कमरेला मागून फट राहते का, बसल्यावर मांडीला ताण येतो का, एवढ्यावरून त्याचा हात कळतो.

आता ट्रायल. पहिल्या ट्रायलला कोट पांढऱ्या धावदोऱ्याने टाचलेला असावा, खिसे नसावेत, कॉलर नुसती अडकवलेली. मशीनची टीप मारून, अस्तर लावून, काजं करून कोट पुढ्यात आणला तर ती ट्रायल नव्हे, ते कोट गळ्यात मारणं झालं. पूर्ण शिवलेल्यात कोण किती बदलणार? किमान दोन ट्रायल ठरवून घे आणि पावतीवर लिहून घे.

जाताना रिसेप्शनला घालणार तोच शर्ट आणि तेच बूट. बरोबर एकच माणूस ने. करवली, मेहुणा, दोन मित्र असे गेलात की प्रत्येक जण काहीतरी बोलतो आणि कटर कुणाचंच ऐकत नाही. आरशात पुढून बघून खूश होऊ नकोस, मानेमागे बघायला सांग. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी, मध्ये बोट जाता कामा नये. मग बसमधला दांडा धरतोस तसा हात वर कर. अख्खा कोट हाताबरोबर वर आला तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, खोल कापलाय. आपल्याकडे लोक सैल मुंढा मागतात, काखेत मोकळं वाटावं म्हणून, आणि नेमका तोच कोटाला वर ओढतो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. घालून बघितल्याशिवाय हे पटत नाही, मलाही नव्हतं पटलं.

आणि या वेळी तुझी नजर कोटापेक्षा कटरवर ठेव. "इस्त्री केली की बसेल" हे वाक्य कानावर येतं का बघ. बारीकसारीक सुरकुती बसतेही इस्त्रीने. मानेमागची फट बसत नाही. त्या माडीवरच्या मास्तरांकडे एकदा एका वकिलांची ट्रायल चालू होती. वकीलसाहेब आरशात बघून म्हणाले, "फर्स्टक्लास!" मास्तर काही बोलले नाहीत. दोन पावलं मागे गेले, चष्मा कपाळावर केला, आणि पुढे येऊन डावी बाही धरून सर्रकन ओढली. धावदोरा तुटला, बाही त्यांच्या हातात. वकील हबकले. मास्तरांनी ती बाही बोटभर पुढे फिरवून टाचण्या लावल्या आणि म्हणाले, "आता हात सोडा. मघाशी तुम्ही कोटासाठी हात मागे धरला होता."

असा बाही उपटणारा मिळाला तर तो सांगेल ते पैसे दे. मी कापड विकून पोट भरलं, तरी सांगतो, बजेटातून शिलाई आधी बाजूला काढ आणि उरतील त्यात कापड घे. सुपर १००, सुपर १२० हे आकडे लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे, टिकाऊपणाचे नव्हेत. १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढतो तसं कापड मऊ आणि नाजूक होतं. तुला लोकलने जायचंय, १०० ते ११० पुष्कळ. वजन मीटरमागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास, पाठीला अर्धंच अस्तर. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर घे, चौकडा असेल तर कटरला विचारून थोडं जास्त.

जास्तीचं कापड कात्रणात जाऊ देऊ नकोस, शिवणीत माया, म्हणजे पुढे सैल करायला आत दुमडलेलं कापड, भरपूर ठेवायला सांग. पाठीच्या आणि बाजूच्या शिवणीत इंचभर तरी. चांगला शिंपी न सांगता ठेवतो, कंजूष कापून टाकतो. लग्नानंतर काय होतं ते तुझ्या वडिलांकडे बघ.

वेळेचं एक गुपित. मुहूर्त मार्गशीर्षातला आहे म्हणून दिवाळीपर्यंत थांबलास तर मेलास. तुळशीचं लग्न जवळ आलं की कुठलाही मास्तर बाही उपटत बसत नाही, हातावेगळं करतो. तू मापं पितृपंधरवड्यात दे. पक्षात नवं कापड घ्यायला कुणी बाहेर पडत नाही, त्यामुळे कटर माश्या मारत बसलेला असतो आणि तुझ्याकडे नीट बघतो. आई ओरडेल. तिला सांग, कापड श्रावणातच घेऊन ठेवलंय, माप द्यायला पक्ष आड येत नाही. घालणार आहेसच नंतर.

तो करडा कोट बोहारणीनेसुद्धा घेतला नाही. त्यानंतर मी माडीवरच्या मास्तरांकडून एक निळा शिवून घेतला होता, तो अजून आहे. दोनदा सोडवलाय, तरी आत माया शिल्लक आहे. रविवारी सकाळी ये. कपाटातून काढून गॅलरीत टांगून ठेवतो, म्हणजे डांबराच्या गोळ्यांचा वास जाईल. पाठीची शिवण तुला वीतभर उसवून दाखवतो. परत घालायला सुई-दोरा मामीकडे आहे, फक्त ती घरात असताना उसवायला नको.

तुझा,
मामा