घरखर्चाचा अभ्यास करतेस तर

पोरी, खानापूर भागातल्या घरांचा खर्च हा विषय प्रोजेक्टला घेतलायस ते लय बरं केलंस. पण तुझा फॉर्म बघितला, सगळे प्रश्न 'महिन्याला घरात किती लागतंय' एवढेच आहेत की गं. मोठे सरकारी सर्व्हे पण बहुतेक घराचाच आकडा घेतात आणि माणशी भागून टाकतात, मग घरात कुणाच्या वाट्याला काय आलं ते कळणार कसं?

काही खर्च सगळ्यांचा मिळून असतो, ट्यूबलाइट, भाडं, चार माणसं झाली म्हणून चौपट लागत नाही. भाकरी मात्र ज्यानं खाल्ली त्याचीच. आणि गाडी मधलीच, बाजारला दोघं जातात, एरवी एकटा पोरगाच फिरवतोय. ताटात डोकावून मोजता येत नाही म्हणून अर्थशास्त्रवाले कपडे धरतात, साडी बाईची, शर्ट पुरुषाचा, तिथं वाद नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची टॅक्स सवलत, जी बहुतेक बापाच्या पगारात दिसायची, ती काढून रोख पैसे आईच्या हातात दिले. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स या अर्थशास्त्रवाल्यांनी 1997 ला दाखवलं की त्यानंतर पुरुषांच्या मानानं बायकापोरांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घराचं पाकीट खरंच एक असतं तर पैसे कुणाच्या हातात पडले यानं काय फरक पडला असता? नवराबायकोची आवड वेगळी आणि कुणाचं किती चालतंय तेपण वेगळं, हे धरून घरातले निर्णय कसे होतात त्याचं मॉडेल शियापोरी या अर्थशास्त्रज्ञानं 1988 लाच मांडलं होतं, ते वाचच.

आता आपल्याकडं बघ. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये येतात, पण घरातल्या एकाच बाईला, रेशन कार्डावर जी कर्ती तिला. म्हणजे सासू की सून हा प्रश्न आलाच, जो त्या नवराबायकोच्या मॉडेलमध्ये नाही, आणि मला तुझ्या विषयातली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. फक्त जिथं दोघी एकत्र राहतात तीच घरं घे, नाहीतर मोठं घर आणि लहान घर यातलाच फरक मोजत बसशील. पैसे कुणाच्या खात्यावर येतात ते विचार, आणि काढून आणतंय कोण ते वेगळं विचार.

सुनेला सासूसमोर विचारू नको, ती खरं सांगणार नाही. कपड्यांचं वर्षाचं विचार, दर महिन्याला कोण घेतंय, गणपती-दिवाळी नाहीतर लग्नालाच होते खरेदी. फॉर्म बदलून पाठव, लगेच बघून देते.