वाडीत गाडी कुणासाठी मागायची?

प्रश्न : आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढे तीन किलोमीटर चाल. एका कार्यालयात चौकशी केली तर ‘तुमची लोकसंख्या किती?’ असं विचारून वाटेला लावलं. वाडीतली निम्मी घरं मुंबईला आहेत. येत्या जनगणनेत आम्ही चाकरमान्यांनी गावी नावं लावली, तर मुक्कामी गाडी मिळेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : गावी नावं लावू नका. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते. रेशनकार्ड कुठलं नि सातबारा कुठला हे ती बघत नाही. गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. शिमग्याला गावी गेलात तरी तुमचं बिऱ्हाड भांडुपचंच.

आणि खरा आकडा लपवायचा कशाला? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. हजार पुरुषांमागे १,१२२ बायका. वाडीत मागे कोण राहिलंय, ते यातच दिसतं.

लोकसंख्येची अट असते ती रस्त्याला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, तेव्हापासून सर्वसाधारण भागात ५०० आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्रात, डोंगरी राज्यांत २५० लोकवस्तीचा निकष आहे. रत्नागिरी अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तुम्हाला ५०० धरून चाला. मात्र या योजनेत मोजणी वस्तीची होते, महसुली गावाची नाही, आणि ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरायची सोय त्यात ठेवली होती. शेजारच्या वाडीशी भांडण असेल तर ते आधी मिटवा.

गाडीचं गणित वेगळं. मी एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी केली. आमच्या टेबलावर जनगणनेचा कागद कधी आला नाही. यायचं ते भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, आणि किलोमीटरमागचं उत्पन्न. फेरीत किती माणसं बसतील, यावर सगळं ठरायचं. त्यात सवलतीचे प्रवासी धरायला लोक विसरतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास. ती रक्कम शासन महामंडळाला देतं. तेव्हा तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या नि पोरी ‘फुकट्या’ नाहीत, त्या प्रवासीच आहेत. हे अर्जात ठळक लिहा.

आता मुक्कामी गाडीबद्दल स्पष्टच बोलतो. तिचा खरा उपयोग पहाटे कॉलेजला निघणाऱ्या पोरांना. तुमच्या वाडीत अशी पोरं आहेत का? नसतील, तर रात्री येणारी गाडी मुंबईहून उतरणाऱ्यांच्या सोयीची होईल, आणि डोळ्याच्या तपासणीला तालुक्याला जाणारी आजी फाट्यापर्यंत चालतच राहील. शिवाय चालक-वाहकाच्या मुक्कामाची, संडासाची सोय गावालाच करावी लागते. त्यापेक्षा सकाळी नऊच्या सुमारास जाणारी आणि दुपारी दोन-अडीचला परतणारी फेरी मागा. बाजार, बँक, दवाखाना, सगळं तेवढ्यात उरकतं. पण वेळ तुम्ही मुंबईत बसून ठरवू नका. वाडीतल्या बायकांना बसवून विचारा.

मग ग्रामसभेचा ठराव घ्या आणि सरपंचांच्या सहीने आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. कोण, कुठल्या दिवशी, कुठे जातं याची घरटी यादी जोडा. मागणी मनावर घेतली गेली की मार्गाची पाहणी होते. तेव्हा दोन गोष्टींवर अर्ज अडतो : वाटेत साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असेल तर त्यावरून बस जाणार नाही, आणि शेवटच्या घरापाशी गाडी वळवायला जागा लागते. मी पाहणीला गेलो तेव्हा अनेकदा रस्ता चांगला असायचा, पण टोकाला कुणाचा तरी गडगा, दगडी कुंपण, आडवा. वळणाची जागा कुणाच्या मालकीची आहे ते आधी बघा, मालक मुंबईत असेल तर त्याची लेखी संमती तुम्हीच मिळवा. चाकरमान्यांनी करण्यासारखं काम हे आहे.