लाकडी धनुष्याच्या टोकांवर शिंगाचा किंवा हाडाचा तुकडा कसा बसवावा? त्याने धनुष्य कमजोर होतं का?

नीट बसवला तर कमजोर होत नाही, उलट टोक टिकतं. आजच्या न ताणणाऱ्या सिंथेटिक दोऱ्या मऊ लाकडात रुततात, तो मार शिंग झेलतं.

तुकडा लक्ष्याकडच्या बाजूला, अगदी टोकाशी बसवा. तिथे धनुष्य वाकत नाही, म्हणून तेवढा भाग कानशीने सपाट केला तरी चालतो. वाकणाऱ्या भागात तुकडा शिरला, तर आज ना उद्या उखडणारच.

खरी मेहनत सांध्यात आहे. दोन्ही पृष्ठभाग जुळवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घासा. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, शिंग ॲसिटोनने पुसा, सावकाश सुकणारं इपॉक्सी लावा. क्लॅम्प करकचून आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो.

दुसऱ्या दिवशी आकार द्या. मुठीकडची कड उतरती करत लाकडात विरून जाऊ द्या. दोरीची खाच शक्यतो तुकड्यातच कोरा आणि तिच्या कडा गोल करा, नाहीतर दोरी कापली जाते. तुकडा जाड ठेवायचा मोह आवरा. जड टोकांमुळे बाण मंदावतो आणि हाताला झटका बसतो. शिंग-हाड घासताना मास्क हवाच.