तेल बंद केलं, तरी साखर का उतरत नाही?

"तेलाचा थेंब घालत नाही हो मॅडम, तरी साखर आहे तिथंच!" बेळगावात आहार समुपदेशन करताना हे गाऱ्हाणं सारखं कानावर येतं. खानापूर तालुक्यातल्या एका काकूंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून.

काकू साठीला टेकलेल्या, मधुमेहाची गोळी चालू. चरबीनं स्नायूंतले हार्मोन मरतात, असं मुलानं मोबाइलवर वाचलं आणि शेंगतेलाचा डबा माळ्यावर गेला. कोरडी भाकरी, पाण्यात शिजवलेली भाजी. जेवणावरची वासनाच उडाली होती त्यांची. खोदून विचारलं तेव्हा दोन्ही वेळच्या चहाबरोबरची खारी निघाली. "ती कोरडीच की!" पिशवीत पुडा होताच. एक खारी कागदावर कुस्करली, दाबली. कागदावर तेलाचा डाग पसरला. काकू बघतच राहिल्या.

मुलानं वाचलेलं अर्धं खरं होतं. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा खरोखरच हार्मोनसारखे संदेश रक्तात सोडतात. त्यांना मायोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-6 हा त्यातला एक. आयरिसिन हा दुसरा, 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलेला. तो ज्यातून तयार होतो त्या प्रथिनाची निर्मिती पीजीसी-1 अल्फा नावाचा पेशीतला नियंत्रक वाढवतो. प्रयोगशाळेत स्नायूपेशींवर पाल्मिटिक आम्लाचा, म्हणजे चरबीतल्या एका घटकाचा, मारा केला की हा नियंत्रक मंदावतो, पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाही. ओलेइक आम्ल हा चरबीतलाच दुसरा घटक हे नुकसान बरंच आवरतो. पाम तेलात पाल्मिटिक 40 ते 45 टक्के, शेंगतेलात साधारण 10 टक्के, आणि ओलेइक जवळजवळ निम्मं. बेकरीत बहुधा पामचंच वनस्पती तूप असतं. म्हणजे काकूंनी बरं तेल माळ्यावर टाकलं होतं आणि नको ते चहाबरोबर चालू होतं! पेशींवरचे प्रयोग माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण खारी सोडायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दुसरी गोष्ट पायांची. सून आल्यापासून काकूंचं शेतात जाणं बंद. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, बसलेल्याला ते जमत नाही. "पाय दुखूलालेत की," म्हणाल्या. म्हणून दोन्ही जेवणांनंतर अंगणातच दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, झेपेल तेवढं. शेंगतेल परत, दिवसाला चार-पाच चहाचे चमचे, भाजी-चटणी धरून.

तीन महिन्यांनी सरासरी साखर थोडी उतरली, गोळी डॉक्टरांनी तेवढीच ठेवली. मुलानं आयरिसिनची गोळी मिळते का विचारलं. तसं मान्यता मिळालेलं औषध नाही, त्या नावाच्या भुकटीवर पैसे घालू नका, असं स्पष्ट सांगितलं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना चालताना दरदरून घाम आला, हात थरथरले, तर तिथंच थांबून साखर खावी आणि डॉक्टरांना कळवावं.